खुंटीवरचं कुलूप

१

आमचे मोठे साहेब संध्याकाळी पक्षात जाणार होते. सकाळी ते लिफ्टखाली सापडले.

मी कंपनीची दक्षता अधिकारी. त्याआधी पोलिसात होते, म्हणून अख्खी कंपनी मला फौजदारबाई म्हणते. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. सुट्टीचा दिवस होता, फोन वाजला तेव्हा मी गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. पलीकडे साहेबांचा धाकटा भाऊ, आमच्या वर्कशॉपचा प्रमुख. त्याला सगळे धाकटाच म्हणतात. "बाई, दादा..." म्हणाला, मग "मनोऱ्यात या" एवढंच, आणि फोन ठेवला.

आमची कंपनी लिफ्ट बनवते. आवाराच्या टोकाला चाचणीचा मनोरा आहे. साध्या इमारतीत लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात माणूस अंग चोरून बसला तर वाचतो, तेवढी जागा ठेवलेली असते. आमच्या मनोऱ्यातली लिफ्ट तळाच्या स्प्रिंगवर आदळवून बघायलाच बांधलीय. दार उघडं असलं तरी ती चालते. म्हणून तिथे खड्ड्यात उतरायचा एक नियम आहे आणि तो साहेबांनीच केलेला, ते स्वतः वर्कशॉप सांभाळत होते तेव्हा. उतरणाऱ्यानं पॅनेलचा दांडा खाली ओढून वीज बंद करायची, दांड्याच्या कड्यात स्वतःचं लाल कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. दुसऱ्याचं कुलूप लावायचं नाही आणि काढायचं तर नाहीच नाही.

साहेब पुढे वर वर चढत कार्यकारी संचालक झाले, पण त्यांचं कुलूप मनोऱ्यातल्या फळीवर तसंच राहिलं. आता पक्षानं त्यांना तिकीट द्यायचं ठरवलं होतं. 'तळापासून वर आलेला माणूस' अशी फिल्म निघणार होती, म्हणून साहेब बऱ्याच वर्षांनी खड्ड्यात उतरणार होते.

मी पोचले तेव्हा लिफ्ट वर उचलून देह बाहेर काढला होता. त्याबद्दल मी काही सांगणार नाही. मी बाकीची जागा बघितली, जुनी खोड. जमिनीवर शूटिंगसाठी खडूच्या फुल्या मारलेल्या, पण फुल्यांवर काहीच नाही. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची रास, एकात एक बसवलेली, सगळ्यात वरची उलटी. कठड्यावर साहेबांचा कोट, घडी अशी की जणू आत्ता इस्त्रीहून आलाय. पॅनेल खड्ड्यालगतच्या बिनदाराच्या खोलीत, दांडा वर, कडं रिकामं.

आणि दाराशी कुलपांची फळी. प्रत्येकाची खुंटी, खुंटीवर फोटो. लाल कुलपं ओळीनं टांगलेली, सगळी आ वासून. माझंही त्यात आहे. साहेबांची खुंटी टोकाला, फोटोत काळ्याभोर मिशा. खाली त्यांचं कुलूप, गुपचूप तोंड मिटून.

"किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात मिळाली," इन्स्पेक्टर म्हणाला. हा पोरगा माझ्याच हाताखाली तयार झालेला. "चष्मा मात्र सापडत नाहीये."

तेवढ्यात मागून साहेबांच्या बायकोचा आवाज आला. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या आणि धाकट्याकडे बघत होत्या.

"यांना विचारा," त्या म्हणाल्या. "भाऊजींनीच केलंय हे."

२

धाकट्याच्या तोंडाचा रंग पार उडाला.

आदल्या संध्याकाळी शूटिंगची तयारी चालू असताना दोघा भावांची जुंपली होती, सगळ्यांदेखत. धाकटा म्हणाला होता, खड्डा नाटकासाठी नाही. साहेब हसले. मग त्याचं डोकं फिरलं आणि तो ओरडला, "उतर ना मग! उतर, आणि वर येऊच नकोस!" हे ऐकणारी माणसं ढीगभर होती.

"मॅडम, मला तरी दुसरं काय दिसणार?" इन्स्पेक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला. "साहेब सकाळी एकटेच सराव करायला येतात. नियमाप्रमाणे कुलूप लावून उतरतात. किल्ली खिशात. मग ते कुलूप कोण काढू शकतं? कुणाची किल्ली हरवली तर म्हणून एक मास्टर किल्ली आहे. ती कुणाकडे?"

"धाकट्याकडे."

"आणि सगळ्यात आधी इथे पोचला कोण? अंत्यविधी उरकला की त्याला उचलतो. तोवर तुम्हाला काय बघायचं ते बघा."

मी धाकट्याला वर्कशॉपच्या मागे नेलं. लेथच्या कडेला तो बसला, हात मांड्यांत घालून.

"मास्टर किल्ली कुठाय?"

"हे घ्या." त्यानं शर्टाच्या आतून दोरी ओढून काढली. "आंघोळीलाही काढत नाही. खोटं बोलता येत नाही मला, बाई. दुसऱ्या कुणी घेतली असेल म्हणायला जागाच नाही."

"अरे बाबा, तू मला मदत करतोयस की स्वतःच्या गळ्यात फास अडकवतोयस?"

"मला तुरुंगात टाकलं तरी चालेल." त्याचे डोळे भरून आले. "आई गेल्यावर वहिनींनी मला वाढवलंय. शाळेचा डबा त्यांनी भरलाय. त्यांनी माझ्याकडे आज ज्या नजरेनं बघितलं ना, ते नाही सहन होत."

मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला.

साहेबांच्या घरी गेले तर दिवाणखान्यात पक्षाचे निरीक्षक बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, आवाज लोण्यासारखा. वहिनींचा फोन त्यांच्या हातात होता. कोणाचाही फोन आला की तेच उचलत होते, "वहिनी विश्रांती घेतायत" म्हणून ठेवत होते. वहिनी समोरच टक्क जाग्या बसलेल्या.

"त्यांचा चष्मा मिळाला का?" त्यांनी मला विचारलं. "चष्म्याशिवाय त्यांना पायरीसुद्धा दिसत नाही."

मी नाही म्हटलं. निरीक्षक मला दारापर्यंत पोचवायला आले. "दुःखद आहे. पण घरातलं प्रकरण आहे, नाही का? भावाभावातलं. पक्षाचा यात काही संबंध येऊ नये, एवढंच आमचं म्हणणं."

बाहेर आमचे उपसाहेब उभे होते. साहेब राजकारणात गेले असते तर त्यांची खुर्ची यांनाच. मी सरळच विचारलं, सकाळी कुठे होतात?

"माझ्या केबिनमध्ये. एकटा. साक्षीदार नाही." ते घाम पुसत होते. "बाई, तुमचे गुडघे दुखतात. घरी बसा, आराम करा. या लोकांच्या वाटेला जाऊ नका. आपली टेंडरं आहेत, शेकडो माणसांची पोटं आहेत."

म्हणजे हे घाबरलेत. पण कुणाला, धाकट्याला खास नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि गुडघे दुखायचे थांबले.

३

फिल्मवाला कॅन्टीनमध्ये सापडला. टेबलावर चहाचे कप, वायरी, बिस्किटांचा चुरा, असा सगळा उकिरडा मांडून बसलेला. पक्षाच्या प्रसिद्धीचं काम त्याच्याकडे.

"सकाळपासून इथेच होतो. सगळी टीम होती, विचारा." मग एकदम चिडला. "पण माझा सेट कुणी मोडला ते शोधा आधी! काल संध्याकाळी सगळ्या खुर्च्या मी फुल्यांवर लावून गेलो होतो. कामगार गोल करून बसलेत, मधून साहेब वर येतात, असा शॉट होता. सकाळी बघतो तर खुर्च्या कोपऱ्यात!"

"माणूस मेलाय इथे."

"हो, ते आहेच," तो ओशाळला. "वाईटच झालं."

"साहेबांना सकाळी आणलं कुणी?"

"तात्यांनी. दुसरं कोण आणणार?"

तात्या म्हणजे पक्षाचे जुने कार्यकर्ते. साहेबांची राजकारणात पावलं पडायला लागली तसे तात्या त्यांच्या दिमतीला आले. गेल्या काही महिन्यांत मी बघत होते. साहेब गाडीतून उतरले की बॅग तात्यांच्या हातात, पाऊस आला की छत्री तात्यांच्या हातात, भाषणाला उभे राहिले की फोनही त्यांच्याच हातात. पूर्वी आमचे साहेब वर्कशॉपमध्ये आले की सांडलेलं ऑइल स्वतः पुसायचे.

पक्षाच्या कार्यालयात नुकतीच शोकसभा संपली होती. लोक पांगले होते. तात्या एकटेच दालन आवरत होते.

"या फौजदारबाई. बसा, ही एक खुर्ची तुमच्यासाठी ठेवतो." ते खुर्च्या उचलता उचलता बोलत राहिले. "मी साहेबांना ऑफिसच्या दाराशी सोडलं आणि गाडीत पेपर वाचत बसलो. मनोऱ्याकडे फिरकलोसुद्धा नाही. आम्हाला काय कळतंय त्या यंत्रातलं?"

"या वेळी तिकीट तुम्हाला मिळणार होतं म्हणे."

ते हसले. "दर वेळी मिळणारच असतं."

"वाईट वाटलं असेल."

"वाईट वाटायला फुरसत नको का? आज संध्याकाळी त्यांच्या स्वागताच्या खुर्च्या मलाच मांडायच्या होत्या. कुठल्याही पुढाऱ्याला विचारा, तात्याची सभा म्हणजे सभा. शेवटचा माणूस जातो, मग मी दालन जसंच्या तसं करून कुलूप लावतो. पसारा टाकून मला घरी जाताच येत नाही. बायको वैतागते, लग्नाला गेलो तरी लोकांच्या खुर्च्या आवरत बसतो म्हणते."

शेवटची खुर्ची त्यांनी उचलली, फिरवली आणि राशीवर उलटी ठेवली. मग हाताची धूळ झटकली.

"उलटी कशाला?" मी विचारलं.

"बसायच्या जागेवर धूळ बसत नाही. पुढच्या वेळी पुसायला नको."

ही रास मी सकाळीच एकदा पाहिली होती.

४

"खुर्च्यांवरून फाशी होत नाही, मॅडम," इन्स्पेक्टर म्हणाला. मी त्याला मनोऱ्यातच गाठलं होतं. "आणि मास्टर किल्लीचं काय?"

"मास्टर किल्ली विसर. चल, फळीकडे बघ. इथे सगळी कुलपं कशी टांगलीत?"

त्यानं बघितलं. "उघडी."

"नुसतं दाबलं की लागतं हे कुलूप. किल्ली मालकाकडे असते, म्हणून काम झालं की उघडून, उघडंच टांगायचं. साहेबांचं एकट्याचं मिटलेलं आहे. आता सांग, धाकट्यानं मास्टर किल्लीनं ते पॅनेलवरून काढलं असतं तर त्याच्या हातात उघडं कुलूप आलं असतं. मग त्यानं काय केलं असतं?"

"उघडंच टांगलं असतं," तो सावकाश म्हणाला. "मग वाटलं असतं, साहेबांनी ते नेलंच नाही. विसरले. अपघात."

"तेच. ज्याला वाचायचंय तो उघडं कुलूप मुद्दाम मिटून स्वतःवर संशय कशाला ओढवून घेईल? हे कुलूप किल्लीनं उघडलंच गेलेलं नाही. कुणीतरी ते मिटलं आणि मग त्याला उघडता येईना, कारण किल्ली साहेबांच्या खिशात होती, खाली."

"पण मिटलं पॅनेलवर नाही."

"नाही. हवेत मिटलं. खट्ट आवाज झाला, तो साहेबांनी ऐकला आणि ते निर्धास्त झाले. कारण कुलूप त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिलं होतं. स्वतः केलेला नियम मोडून. धाकट्याच्या हातात दिलं असतं का? तो जन्मात घेता ना. उपसाहेबांना साहेबांनी असलं हरकाम कधीच सांगितलं नाही. फिल्मवाला टीमबरोबर कॅन्टीनमध्ये. उरला कोण, ज्याच्या हातात साहेब हल्ली सगळंच देत होते?"

आम्ही तात्यांना मनोऱ्यात बोलावलं. धाकटा होता, उपसाहेब होते, वहिनीही हट्टानं आल्या. निरीक्षक त्यांच्या मागे सावलीसारखे. त्याआधी मी एक उद्योग करून ठेवला होता. सकाळच्या राशीचे फोटो पोलिसांनी काढलेले होतेच, म्हणून रास मोडून खुर्च्या सगळीकडे विस्कटून टाकल्या होत्या. एक तर आडवीच.

मी मुद्दाम रेंगाळले. हे विचार, ते विचार, पॅनेलचं सांग, कुलपाचं सांग. तात्या ऐकत होते. त्यांची नजर आडव्या खुर्चीवर जायची आणि परत यायची. मग त्यांनी ती उचलली. उभी केली. दुसरी तिच्यात बसवली. मी बोलत राहिले. एकेक करून ते खुर्च्या गोळा करत होते आणि बाकीचे त्यांच्याकडे बघायला लागले होते. शेवटची खुर्ची त्यांनी फिरवली, उलटी ठेवली, हात झटकले आणि मान वर केली.

इन्स्पेक्टरनं सकाळचा फोटो त्यांच्यासमोर धरला.

तात्या फोटोकडे आणि राशीकडे बघत होते.

"कुलपावर बोटांचे ठसे असतात, तात्या," मी म्हटलं. "तुमचे निघतील ना?"

"निघतील," ते म्हणाले.

मग ते खाली बसले, खुर्चीत नाही, जमिनीवरच. "तिकिटाचं मी गिळलं होतं हो. खरंच गिळलं होतं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी कोट काढला आणि न बघताच मागे धरला. त्यांना माहीत होतं, मी असणारच. इथे आल्यावर म्हणाले, 'तात्या, तेवढं कुलूप लावून टाका.' किल्ली खिशात टाकली आणि शिडी उतरायला लागले. मी पॅनेलपाशी गेलो. वीज कशी बंद करायची, लिफ्ट कशी चालवायची ते काल शूटिंगच्या तयारीच्या वेळी बघितलं होतं. दांडा समोर, कुलूप हातात. खाली ते भाषण पाठ करत होते. 'मी तळापासून वर आलोय.' परत परत तेच. मी नुसताच उभा राहिलो. मग कुलूप दाबलं. खट्ट वाजलं. ते खालून म्हणाले, 'शाबास.'"

वहिनींच्या तोंडून एक आवाज निघाला.

"मग?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"मग लिफ्ट खाली आणायचं बटण दाबलं." तात्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आणि बाहेर आलो तर खुर्च्या पसरलेल्या दिसल्या. तशाच कशा टाकून जाणार?"

निरीक्षक कधी बाहेर पडले कुणाला कळलंही नाही. संध्याकाळी पक्षाचं पत्रक आलं, सदर इसमाचा पक्षाशी कधीच संबंध नव्हता. उभं आयुष्य त्यानं यांची दालनं झाडली होती. त्या क्षणी मला खुनी माणसाचीच दया आली आणि स्वतःचाच राग आला.

५

मनोऱ्याचं सील बऱ्याच दिवसांनी निघालं. साहेबांचं कुलूप आणि किल्ली पोलिसांनी परत केली. ती घ्यायला वहिनी स्वतः आल्या. त्यांच्याबरोबर निरीक्षक होतेच, पांढरेशुभ्र. पोटनिवडणूक लागली होती आणि पक्षाला आता वहिनी हव्या होत्या. सहानुभूतीची लाट आहे म्हणे. बाहेर गाड्यांची रांग उभी होती.

वहिनींच्या हातात आज पर्सही नव्हती. ती निरीक्षकांच्या एका माणसाकडे होती.

"चष्मा," वहिनी म्हणाल्या. "तो अजून खालीच आहे ना?"

"स्प्रिंगच्या पलीकडे गेला असणार," धाकटा म्हणाला. त्या दिवसानंतर तो त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उभा होता, मान खाली घालून. "मी काढतो."

तो पॅनेलपाशी गेला. दांडा खाली ओढला, कड्यात आपलं कुलूप घातलं, खट्ट दाबलं, किल्ली खिशात टाकली.

"भाऊजी, मी त्या दिवशी जे बोलले..."

"राहू द्या वहिनी."

"नाही राहू देणार." त्या त्याच्यासमोर आल्या. "तुम्हाला ताटात वाढून मोठं केलं मी, आणि मीच तुमच्यावर बोट ठेवलं. मला माफ करा."

धाकट्यानं नुसती मान हलवली. डोळे पुसत तो शिडीकडे वळला. वहिनींनी पॅनेलच्या कड्याकडे बघितलं. त्याला आणखी भोकं होती.

"ही कशाला?" त्यांनी मला विचारलं.

"जितकी माणसं काम करतात तितकी कुलपं," मी सांगितलं. "सगळी निघाल्याशिवाय वीज येत नाही."

त्यांनी किल्लीनं साहेबांचं कुलूप उघडलं. निरीक्षक लगबगीनं पुढे आले, हात पसरून, तोच लोण्यासारखा आवाज. "आणा वहिनी, तुम्ही कशाला? मी लावतो."

धाकटा शिडीवर एक पाय टाकून थिजला होता.

वहिनींनी त्या पसरलेल्या हाताकडे बघितलं.

"हात मागे घ्या," त्या म्हणाल्या. "आणि माझी पर्स द्या इकडे. फोनसुद्धा."

त्यांनी कुलूप धाकट्याच्या कुलपाशेजारी घातलं, दाबलं, ओढून बघितलं, परत एकदा ओढून बघितलं. किल्ली मुठीत घट्ट धरली. "भाऊजी, लावलंय हो. किल्ली माझ्याकडे आहे. उतरा."

तो उतरला. वहिनींनी राशीवरची उलटी खुर्ची काढली, सुलटी केली, पॅनेलसमोर ठेवली आणि तिच्यात बसल्या.

"वहिनी, उशीर होतोय," निरीक्षक म्हणाले. "प्रदेशाध्यक्ष वाट बघतायत."

"बघू देत," वहिनी म्हणाल्या. "आमचं माणूस खाली आहे."